बायचं कार्ड

ये, अशी जवळ सरक. तिकडं दाराशी बसलीस की माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचत नाही, आणि तुझं निम्मं लक्ष त्या फोनात. पालथा ठेव बघू तो. करंजाड्याला घर घेतलंस आणि मावशीला पार विसरलीस. आलीस तीसुद्धा खांद्यावरची पर्स न काढता, म्हणजे आल्यापासून निघायच्या तयारीतच. चहा होईस्तोवर तरी बसशील का नाही? आणि ते कार्ड बघून हसलीस कशाला गं? म्हणे, "मावशी, अजून सगळ्या चाळीत मिळून बसचं एकच कार्ड? आता प्रत्येकीला वेगळं मिळतं की!" मिळतं, मला काय माहीत नाही? पण ते कार्ड कुणाचं होतं हे तुला माहीत नाही, म्हणून हसू आलं तुला. सांगते. हळू बोलते पण, आत तुझे काका झोपलेत.

आमची घरमालकीण होती ती. घणसोली गावातलीच, पिढ्यान् पिढ्यांची आगरी. आम्ही सगळे भाडेकरू तिला बाय म्हणायचो. तिचे मुलगेसुद्धा बायच म्हणायचे. एके काळी भाताची शेती होती त्यांची. ती गेली, तिथं इमारती आल्या, मुलं बिल्डर झाली, टॉवरमध्ये राहायला गेली. बाय मात्र चाळीच्या तोंडाशी पहिल्या खोलीत राहिली. तिला म्हणलं, "बाय, लिफ्टचं घर सोडून हितं का राहतेस?" तर म्हणायची, "वरून मानसांची डोकीच दिसतात गो. तोंडं दिसत नाय."

आणि तिला तोंडंच बघायची असायची. उंबऱ्यावर बसायची, पुढ्यात सुकट निवडायचं सूप, आणि चाळीतून बाहेर पडणारं एक माणूस तिच्या नजरेतून सुटायचं नाही. आपली गल्ली तर तुला माहीतच आहे, समोरून कुणी आलं तर एकाला तिरकं व्हावं लागतं. तशात बायचे पाय पसरलेले. ओलांडून कसं जाणार? थांबावंच लागायचं. थांबलं की विचारणार, "कुठं चाललीस? कोनाकडं? कवा येशील?"

ते बसचं कार्ड तिला तिच्या थोरल्यानं आणून दिलं. "बाय, आता सुट्ट्यांचं टेन्शन नाही. चढताना यंत्राला लावायचं, उतरताना परत लावायचं." चांगलं सांगितलं त्यानं, पण बाय कुठं बसनं जायची? आयुष्यात ती हायवेच्या पलीकडं पायी जाईल तेवढीच. कार्ड नुसतं पडून. मग एकदा माझ्या शेजारणीला माहेरी तातडीनं जायचं होतं, तेव्हा बायनं ते काढून दिलं. तिथनं सुरुवात झाली. पुढं कुणाला दवाखान्यात जायचं, कुणाला पोरीच्या शाळेत, की बायचं कार्ड. संपत आलं की आम्हीच आळीपाळीनं भरायचो, त्याचं कधी भांडण झालं नाही.

भांडणं व्हायची ती दोघींना एकाच वेळी लागलं की. मग बाय न्यायाधीश. दवाखाना पहिला, त्याच्यामागं शाळा, मग नोकरी. माहेर शेवटी. "म्हायेर कुठं पलून जातंय?" साडीच्या सेलला तर बाद. मी एकदा दवाखाना सांगून सेलला गेले होते. परत आल्यावर तिनं पिशवीकडं बघितलंसुद्धा नाही, म्हणाली, "डाक्टरनं कुठला रंग दिला?"

आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडून तिनं त्या कार्डाला पिशवी शिवली होती आणि लाल दोरी लावली होती. गळ्यात घालून जायचं, तसा नियमच. लाज वाटायची गं पहिल्यांदा. नंतर स्टॉपवरचा पानवाला, रिक्षावाले, कंडक्टर, सगळे त्या लाल दोरीला ओळखायला लागले. "बायचं कार्ड आलं, जागा द्या," असं म्हणायचे.

आता नियम ऐक. जाताना ठिकाण सांगायचं, परत यायची वेळ सांगायची. आलं की स्वतःच्या दाराला हात लावायच्या आधी कार्ड बायच्या हातात द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचं नाही. आणि कार्डाशिवाय तर चाळीत पाऊलच टाकायचं नाही. एकदा आमच्यातली एक कोपरखैरण्याला बहिणीकडं ते विसरून आली. बायनं पाय आडवा केला. "कार्ड घेऊन ये, मंग आत ये." ती रडकुंडीला आली, आम्ही मध्ये पडलो, म्हणलं उद्या आणेल. नाही म्हणजे नाही. गेली बिचारी परत. तेव्हापासून सगळ्या चाळीनं त्या नियमाचा धसकाच घेतला. पुरुषांनीसुद्धा. तुझ्या काकांनी तर जास्तच. मार्केटला माथाडी म्हणून जन्म काढलेला माणूस, नियम म्हणला की नियम.

कार्ड हातात घेतलं की बाय ते तळव्यात दाबून बघायची. "गरम लागतंय. मुठीत धरून बसलीवतीस. भ्यालीस कशाला?" आणि खरंच कधी कधी बसमध्ये काहीतरी झालेलं असायचं, कुणी बोललेलं असायचं, दवाखान्यात रिपोर्ट वाईट आलेला असायचा. तिथंच उंबऱ्यावर बसून आम्ही बोलून मोकळ्या व्हायचो.

पण तिचा जीव कसा टांगलेला असायचा, ते बघवायचं नाही. कार्ड बाहेर असलं की ही जेवायची नाही. ताट वाढलेलं तसंच झाकून ठेवायची. जरा उशीर झाला की गल्लीच्या तोंडाशी. येईल त्याला विचारायची, "कार्ड आलं काय?" ती आली का, असं नाही विचारायची कधी. कार्ड आलं काय. हायवेवरनं अँब्युलन्सचा आवाज आला की सूप बाजूला ठेवून उभीच राहायची आणि मोठ्यानं म्हणायची, "आपलं कोन कोन भाईर हाय?" मग आम्ही घराघरातून ओरडायचं, "मी घरात आहे! मी घरात आहे!" नव्या सुना हसायच्या. मला नाही हसू यायचं. तिचा चेहरा अगदी पिठासारखा पांढरा पडलेला असायचा.

तिला विचारलं, "बाय, तू स्वतः का जात नाहीस गं बसनं?" तर दर वेळी वेगळं कारण. एकदा म्हणाली, ओकारी होते. एकदा म्हणाली, त्या रस्त्याखाली माजी जमीन हाय, तिच्यावरून मी चाकावर बसून नाय जानार. आणि एकदा मी फारच मागं लागले तेव्हा चिडून म्हणाली, "आन मी गेले तं तुमची वाट कोन बघनार?"

आता काकांचं सांगते. तुला फोनवर कधी सांगितलं नाही मी, उगाच घोर नको म्हणून. त्यांचं विसरणं तेव्हाच सुरू झालं होतं. आधी चष्मा, किल्ली. मग आंघोळ करून आले की परत आंघोळीला निघायचे. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, एकटं सोडू नका. मी बायला बजावलं होतं, काही झालं तरी यांना कार्ड द्यायचं नाही. ती "बरं" म्हणाली होती.

त्या दिवशी दुपारी मी बचत गटाच्या मीटिंगला गेले होते. हे झोपले होते, जाताना मी बायला लक्ष ठेवायला सांगून गेले. आले तर दार नुसतं लोटलेलं. अंथरूण रिकामं. यांचा फोन चार्जिंगला लावलेला. बायकडं पळाले तर ती उंबऱ्यावर बसलेली, सूप पुढ्यात, पण हात हलत नव्हते.

"बाय, हे कुठं गेले?"

"येतील." माझ्याकडं बघेना.

"अगं पण कुठं?"

"कार्ड हाय त्यांच्याकडं."

"बाय! तुला म्हणलं होतं ना मी?"

तेव्हा तिनं वर बघितलं. "टावेल खांद्याव टाकला व्हता गो. चप्पल घातली. मना म्हनले, बाय, मार्केटला जाऊन येतो, गाडी लागलीय खाली करायला. असं सरल बोलले, पयल्यासारखं. कामाला निघालेल्या मानसाला नाय कसं म्हनू?"

त्यांचं मार्केट सुटून किती वर्षं झाली होती! मला रडायलाच आलं. ती म्हणाली, "रडू नको. दिवा लागायच्या आत येतो म्हनले. आजपातूर माजं कार्ड आल्याबिगर रायलं नाय." पण बोलताना तिचा आवाज फुटत होता. स्वतःलाच समजावत होती बाई.

मी मार्केटात यांच्या जुन्या टोळीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, वहिनी, इकडं तर कुणी आलं नाही. मुलगा पुण्याला, त्याला फोन केला तर तो तिथनंच मला ओरडायला लागला. मी ठेवूनच दिला. बाय गल्लीच्या तोंडाशी, मी तिच्यामागं. उन्हं उतरायला लागली. जो येईल त्याच्या गळ्याकडं बघायचं, लाल दोरी आहे का.

आणि दिसली गं! वळणावर लाल दोरी दिसली. बाय टाळी वाजवून मोठ्यानं हसली, "आलं! बोलले व्हते ना तुला? आलं कार्ड!" आणि दोन पावलं पुढं जाऊन तशीच थबकली. कारण दोरी एका मुलीच्या हातात होती. तुझ्यापेक्षा लहान, पाठीला बॅग, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. मागं कुणीच नव्हतं.

कार्ड घरी आलं आणि माणूस नाही, असं त्या चाळीत कधी झालं नव्हतं. बायला ते कळेचना. तिनं कार्ड हातात घेतलंच नाही. त्या मुलीच्या पाठीमागं वाकून बघत राहिली.

"आंटी, हे तुमचं आहे ना? पानवाल्यानं सांगितलं," ती मुलगी म्हणाली.

"मानूस कुठं हाय?" बाय.

"तेच विचारायला आले मी. आजोबा पोचले ना घरी?"

तिला तिथंच बसवून विचारलं, तेव्हा कळलं. हे मार्केटकडची बस सोडून उलट्या बाजूच्या बसमध्ये चढलेले. ती मुलगी त्यांच्यापुढंच. तिच्या कार्डात काही उरलं नव्हतं, फोनची बॅटरी गेलेली, जवळ रोख पैसे नाहीत, आणि कंडक्टर म्हणे उतरा. तिची कंपनीत पहिल्याच आठवड्याची, अर्ध्या दिवसाची ड्युटी. यांनी गळ्यातलं कार्ड काढून तिला दिलं, "हे लाव पोरी." तिनं लावलं. मग कंडक्टर म्हणाला, आजोबा, आता तुमचं? एकदा लावलं की ते कार्ड त्या माणसाचं होतं, तो उतरेपर्यंत दुसऱ्याला चालत नाही. यांच्या खिशात तिकिटाला पैसे नव्हते, म्हणाले, मग मी उतरतो, पोरीला जाऊ द्या. आणि पुढच्या स्टॉपला, तळवलीला, उतरले.

"मी ओरडले, आजोबा, कार्ड! तर खालून म्हणाले, तुला उतरताना लागेल, परत येताना दे, मी थांबतो. बस सुटली, आंटी. ड्युटी संपल्यावर मी येताना तळवलीला उतरून बघितलं. स्टॉपवर नव्हतं कुणी. वाटलं, गेले असतील घरी." बोलता बोलता तिचेही डोळे भरले.

दुपारपासून आता संध्याकाळ. त्या हायवेवरनं कंटेनर कसे धावतात तू बघतेसच. मी रिक्षा शोधायला धावले. एक जण म्हणाला, तिकडं ट्रॅफिक आहे, येत नाही. मागं वळून बघते तर स्टॉपवर बस उभी आणि बाय, आमची बाय, एका हातानं लुगडं सावरत बसच्या पायरीवर चढत होती! मला हाक मारायलाही सुचेना. मी आणि ती मुलगी तिच्यामागं चढलो.

बायनं त्या मुलीच्या हातातलं कार्ड घेऊन यंत्राला लावलं, थोरल्यानं सांगितलं होतं तसं. आवाज झाला. मग तिनं ते माझ्या हातात दिलं. मीही घाईत लावलं. परत आवाज.

कंडक्टर म्हणाला, "आजी, झाला तुमचा प्रवास. यंत्र म्हणतंय, तुम्ही उतरलात."

"मी हितं उबी हाय ना तुज्यासमोर. दिसत नाय तुला?"

"मला दिसताय. यंत्राला नाही दिसत."

"मंग सांग त्याला."

"अहो आजी, एका कार्डावर एकच माणूस असतो. तुम्ही तिघी चढलाय. यांचं काय?"

"यांना काय टपावर बसवू?" बाय ओरडली आणि एकदम तिचा आवाजच बसला. "मानूस हरवलाय रे आमचा. तुजं ते यंत्र घटकाभर गप ठेव."

कंडक्टर पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाला, "तळवलीला नीट थांबव रे." आणि बायला आपल्या सीटवर बसवलं. ती डोळे मिटून, दांडा घट्ट धरून बसली होती. रस्ता तो एवढासा, पण माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगवत नाही.

तळवलीला उतरलो. ती मुलगी म्हणाली, "अरे, मी तर पलीकडं बघितलं होतं!" परतीची बस हायवेच्या त्या बाजूला थांबते ना. तिनं तिकडचा स्टॉप बघितला आणि हे या बाजूला. पण इथंही बाकड्यावर कुणी नव्हतं. माझा धीरच सुटला. तेवढ्यात बाय मागं बंद पडलेल्या टेम्पोकडं गेली. त्याच्या सावलीला फुटपाथच्या कडेला हे बसले होते. टॉवेल डोक्याला गुंडाळलेला, ओठ सुकलेले. समोरून येणारी प्रत्येक बस बघत होते.

मला बघून नाही गं, बायला बघून दचकून उभे राहिले. शाळेतल्या पोरासारखे. "बाय, कार्ड नाही माझ्याकडं. एक पोरगी घेऊन गेलीय, ती देणार आहे. भली आहे पोरगी. कार्ड आल्याशिवाय कसं येऊ घरी? म्हणून थांबलोय."

तिथनं आपल्या गावदेवीच्या देवळाचा कळस दिसत होता, पोरी. रस्ता हे विसरले नव्हते. मी विचारलं तेव्हा कळसाकडं बोट करून दाखवलं, हे काय घर. चालत निघाले असते तर दुपारीच दारात आले असते. नियम तेवढा लक्षात राहिला होता डोक्यात.

मी बायकडं बघितलं. ती मटकन त्यांच्या शेजारी फुटपाथवर बसली. त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "भाऊ, कार्ड गेलं चुलीत. कार्ड नसलं तरी तुमी या. काय बी नसलं तरी या. ऐकलं काय?"

"पण तूच म्हणतेस ना..."

"मी म्हनले व्हते. मी येडी हाय."

मी कार्डाची पिशवी पुढं केली. बायनं ती त्या मुलीच्या गळ्यात घातली. "तुजं रिकामं हाय ना? मंग घरी कशी जाशील? घेऊन जा. सवडीनं आन." आणि आम्ही तिघं चालत निघालो, मध्ये हे, दोन्ही बाजूंना आम्ही दोघी. रस्त्यात मी रडत होते, हे माझीच समजूत घालत होते. त्या दिवशी कार्ड बाहेर राहिलं आणि बाय जेवली. आमच्याच घरी, यांच्या पंगतीला बसून.

त्यानंतर बाय बदलली असं म्हणू नकोस. विचारणं तेच, उभं राहणं तेच. पण पाय कुणाला आडवा केला नाही. आणि एक नवीन खूळ घेतलं. दुपारी यांनी टॉवेल खांद्यावर टाकला की ती पदराला लिंबू बांधून तयार. दोघं बसनं मार्केटच्या स्टॉपपर्यंत जायची, गाड्या बघायची, आणि त्याच बसनं परत. एकाचं कार्ड, दुसऱ्याचं कागदी तिकीट. लिंबू हुंगत हुंगत जायची, आल्यावर ओटीवर आडवी व्हायची. मी म्हणायची, "बाय, झेपत नाही तर कशाला जातेस?" तर म्हणायची, "भाऊंना काम हाय तिकडं."

मागच्या थंडीत गेली ती. झोपेतच. दहाव्यानंतर चाळीतल्या बायकांनी ती हिरवी पिशवी माझ्या खुंटीला आणून अडकवली. म्हणाल्या, मावशी, आता तुम्ही. मला काय येतंय तिच्यासारखं? कार्ड हातात घेऊन मला काही कळत नाही. नुसता घोर तेवढा कळतो. कोण बाहेर आहे, कोण आलं, भाजी करपेपर्यंत तेच.

आणि हे. दुपार झाली की टॉवेल घेऊन अजून तिच्या दाराशी जातात. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, तर असे रडले की जणू आत्ताच गेली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मी सांगणं सोडलं. म्हणते, तळवलीला गेलीय, येईल. ते गप उंबऱ्यावर बसतात. हल्ली मलाच कधी कधी बाय म्हणून हाक मारतात. मी ओ देते.

आता त्यांना उठवू नकोस, राहू दे. झोपेतून उठले आणि समोर अनोळखी तोंड दिसलं की घाबरतात, आणि या वेळेला तुझं तोंड त्यांना अनोळखीच. वाईट वाटून घेऊ नकोस, परवा मुलाचंही तसंच झालं. पण सकाळी बघ, चहा घेतला की घटकाभर लख्ख असतात. तेव्हा तुझं नाव घेतात, तुला खांद्यावर बसवून मार्केटच्या गणपतीला नेलं होतं ते सांगतात, विचारतात की ती का येत नाही? रोज नाही विचारत, पण विचारतात. तेव्हा येत्या रविवारी सकाळी लवकर ये. पोराबाळांना घेऊन ये. पुढच्या महिन्यात, सुट्टी लागल्यावर, असं काही म्हणू नकोस. ती घटका दिवसेंदिवस आखडत चाललीय, पोरी. ये लवकर.